परदेशी व्यवहाराचं बटण आजच बंद करा

कोल्हापुरात महाद्वार रोडवर चपला घेताना किंवा गुजरीत दागिने घेताना कार्ड काउंटरमागं जाऊ देऊ नका. मशीन आपल्यासमोर मागा, रक्कम वाचा, हाताचा आडोसा धरून पिन दाबा. एवढं बहुतेक जण करतात.

राहतं ते ॲपमधलं काम. बँकेच्या ॲपमध्ये एटीएम, दुकान, ऑनलाइन, परदेशी व्यवहार आणि टॅप (कार्ड मशीनला नुसतं टेकवून पैसे देणं) यांची वेगवेगळी बटणं असतात. परदेशी व्यवहार लागत नसेल तर बंदच ठेवा, कारण बऱ्याच परदेशी साइटवर ओटीपी मागतच नाहीत. चोराला कार्डावरचे आकडे मिळाले की त्याचं काम झालं. टॅपनं ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय कटतात, तीही मर्यादा खाली आणा. आई-वडिलांच्या कार्डाचं तर जवळ बसून तुम्हीच करून द्या.

तरीही न केलेल्या खर्चाचा मेसेज आला, तर शाखा उघडायची वाट बघू नका. कार्ड ब्लॉक करा, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. आपली चूक नसताना, माहिती ना आपल्याकडून ना बँकेकडून, तिसरीकडूनच फुटली असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नुकसान ग्राहकावर येत नाही. तक्रारीचा नंबर मात्र मागून घ्याच.