युद्धकाळात टीबीचा कोर्स तुटू नये म्हणून काय करावं

युद्ध पेटलं की दवाखान्यात पहिला नंबर जखमींचा लागतो, आणि तो लागायलाच हवा. १९३८ साली जखमींवर उपचार करायला चीनच्या आघाडीवर गेलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या सोलापूरला हे वेगळं सांगायला नको. पण स्वतःच्या पायांनी चालत येणारा टीबीचा पेशंट त्या धावपळीत मागे पडतो. कर्मचारी दुसऱ्या ड्युटीवर जातात, औषधांची गाडी वाटेत अडकते. गोळ्या मध्येच तुटल्या की जंतू औषधाला दाद देईनासे होतात. युक्रेनमध्ये २०२२ नंतर रुग्णांच्या हाती जास्त दिवसांच्या गोळ्या एकदम दिल्या गेल्या, त्या याच भीतीपोटी. आपली तयारीही रस्ते उघडे असतानाच व्हायला हवी.

आधी घरातल्या गोळ्या मोजा. साध्या, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या टीबीचा सरकारी कोर्स १६८ दिवसांचा असतो: पहिले ५६ दिवस चार औषधांची एकत्र गोळी, पुढचे ११२ दिवस तीन औषधांची. मोठ्या माणसाचं वजन ३५ ते ४९ किलो असेल तर रोज ३ गोळ्या, ५० ते ६४ किलो असेल तर ४. सगळ्या एकाच वेळी, शक्यतो उपाशीपोटी घ्यायच्या. हा हिशेब २८ दिवसांच्या महिन्याचा आहे. कॅलेंडरवर विसंबलात तर अखेरचे दोन-तीन दिवस पट्टी रिकामी निघते. ४५ किलोच्या विडी कामगार बाईला एका महिन्याला ८४ गोळ्या लागतात. दहा दिवसांच्या उरल्या की पुढच्या आणायला निघा, आणि परिस्थिती बिघडायची चिन्हं दिसली तर आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रावर महिनाभराच्या जादा गोळ्या स्पष्ट मागा.

साठा संपत आला म्हणून तीनच्या दोन करून पुरवू नका. टंचाईत सगळ्यात जास्त घात इथेच होतो. कमी मात्रेत जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. घरात दुसऱ्या कुणाला खोकला आला म्हणून त्याला आपल्यातल्या गोळ्या देणं हाही तोच घात.

गोळ्या पट्टीतून आधी सोडून ठेवू नका, ओलीने त्या बिघडतात. आपल्याकडचा उन्हाळा आणि वर पत्रा, म्हणजे कपाटाच्या माथ्यावरची जागा बाद. झाकणाचा कोरडा डबा घ्या आणि खाली, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा, पण माठाशेजारी नको.

त्याच डब्यात प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद ठेवा: निक्षय क्रमांक (टीबी पेशंटच्या सरकारी नोंदीचा नंबर), उपचार सुरू झाल्याची तारीख, वजन, रोजच्या गोळ्या, थुंकीचा रिपोर्ट. मोबाईलमध्ये फोटो असला तरी कागद हवाच, कारण नेटवर्क जातं. यंत्रमाग बंद पडले म्हणून कुणी विजयपूर-कलबुर्गीकडे गावी निघालं, तर या क्रमांकावर तिथल्या सरकारी दवाखान्यात कोर्स पुढे सुरू ठेवता येतो. निघण्याआधी इथे सांगून जा. कुठे जायचं ते कळत नसेल तर निक्षय संपर्क ही टीबीची सरकारी हेल्पलाइन, १८००-११-६६६६, हा फोन मोफत आहे.

ब्लॅकआउटमध्ये लोक दारं-खिडक्या गच्च लावतात आणि एका खोलीत सात-आठ जण झोपतात. टीबी पसरायला एवढं पुरतं. अडवायचा असतो तो उजेड, हवा नव्हे. दिवाच विझवा आणि खिडकी उघडी ठेवा. निवाऱ्यात बसावं लागलं तर पेशंटने मास्क लावून दाराजवळची हवेशीर जागा धरावी. योग्य औषध सुरू झालं की संसर्गाचा धोका झपाट्याने उतरतो, त्यामुळे गोळ्या घेणाऱ्याला घराबाहेर काढायचं कारण नाही.

एखादा डोस राहिला तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट नको. काही दिवस राहिले तर केंद्राला लगेच कळवा. महिना किंवा त्याहून जास्त खंड पडला असेल तर मनाने सुरू करू नका; आधी थुंकीची तपासणी हवी. लघवी केशरी होणं हा औषधाचा रंग आहे, घाबरू नका. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा दिसायला अंधुक झालं, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटल किंवा जवळचं आरोग्य केंद्र गाठा.

जेवणात डाळ, अंडी, शेंगदाणे वाढवा. शेंगाचटणी टिकते, ती करून ठेवा. निक्षय पोषण योजनेचे पैसे महिन्याला १००० रुपयांच्या हिशेबाने खात्यात येतात, म्हणून बँक खातं चालू आहे ना, हे आताच पाहा.

घरात किंवा निवाऱ्यात कुणाचा खोकला दोन आठवड्यांवर गेला, संध्याकाळी ताप येतो, वजन उतरतंय, तर थुंकी तपासा. नमुने दोन, त्यातला एक सकाळी उठल्याउठल्याचा. चूळ भरा, मोकळ्या हवेत उभं राहून दीर्घ श्वास घ्या आणि छातीतून बेडका काढा. नुसती लाळ दिली तर तपासणी वाया जाते. थुंकीतला टीबी तपासणारं ट्रूनॅट यंत्र बॅटरीवरही चालतं, तेव्हा वीज गेली म्हणून घरी थांबू नका, ते कुठल्या केंद्रात आहे हे विचारून निघा.