जड माउथपीस आणि ट्यूबाचे अडखळणारे खालचे सूर

माझ्या ट्यूबावर, म्हणजे पितळेच्या मोठ्या फुंकवाद्यावर, हळू आवाजात वाजवताना खालचे सूर उशिरा उठायचे. बीबी फ्लॅट या खूप खालच्या पट्टीतल्या ट्यूबाची नळी जवळपास 18 फूट. सुरुवात अडली की सगळा बँड मागे ओढला जातो. माउथपीस, म्हणजे ओठ लावून फुंकायचा भाग, जाड धातूचा होता. तीच रिम (ओठ टेकतात ती कड), तोच कप (आतली वाटी), पण पातळ भिंतीचा हलका माउथपीस लावला. सूर लगेच लागू लागले, धरलेल्या बोटांना कंपही जाणवला. जोरात वाजवताना मात्र आवाज फाटायचा, आणि जडाचा तो भरीव गोलवा मला फार प्रिय! म्हणून हलक्याच्या कपाला बाहेरून तांब्याची पट्टी घट्ट गुंडाळली, शँक, म्हणजे वाद्याच्या नळीत बसणारं टोक, मोकळी ठेवली. मग पट्टी थोडी थोडी कापत गेलो, लगेच लागणारे सूर आणि गोलवा दोन्ही जमेपर्यंत. मागच्या रांगेतल्या मित्राला फरक जेमतेम कळला. मला ओठांवर स्पष्ट कळतो. शँक डुगडुगत असेल तर आधी ती बघा.