अडचणीच्या जागेतले जाम बोल्ट आणि पॉवर टूलची निवड : या चुका टाळा

समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या गाडीत एक्झॉस्टचे नट, स्टार्टर मोटरचे वरचे बोल्ट आणि इंजिनमागच्या फटीत दडलेला अल्टरनेटरचा खालचा बोल्ट ही गंजून जाम होण्याची नेहमीची ठिकाणे असतात. तिथे साधा पाना फिरवायला जागा नसते, म्हणून पॉवर टूल घ्यायचे ठरते आणि दुकानात खोक्यावरचा न्यूटन-मीटरचा, म्हणजे पिळाच्या जोराचा, मोठ्यात मोठा आकडा पाहून निवड केली जाते. बहुतेक चुकांचे मूळ माझ्या मते इथेच आहे. अशा जागेसाठी टूल निवडताना आधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात : बोल्टच्या डोक्यासमोर सरळ रेषेत किती जागा आहे, आणि टूलने लावलेल्या जोराचा उलटा झटका कुठे जाणार आहे. ताकदीचा विचार त्यानंतर करावा.

जागा मोजताना फक्त टूलची लांबी मोजणे ही सर्रास होणारी चूक आहे. टूलच्या लांबीत गोटीची, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणाऱ्या सॉकेटची, लांबी मिळवावी लागते, आणि बोल्ट आटे सोडून जितका बाहेर येणार तितके अंतरही मिळवावे लागते. अर्धा इंची चौकोनाची साधी गोटी सुमारे ३८ मिलिमीटर लांब असते आणि लांब गोटी जवळजवळ त्याच्या दुप्पट असते, त्यामुळे आखूड बांध्याचा इम्पॅक्ट रेंचसुद्धा (ठोके देत बोल्ट फिरवणारे पॉवर टूल) गोटीसह पुष्कळ जागा व्यापतो. बाहेर येण्याचे अंतर विसरले, तर बोल्ट सैल होऊन बाहेर सरकत असताना टूल मागे ढकलले जाते आणि चासी व बोल्ट यांच्यामध्ये पक्के अडकते. अशा वेळी दिशा बदलण्याचे बटण हाताला पोहोचत असेल तरच बोल्ट पुन्हा आत घेऊन टूल सोडवता येते. एकाच दिशेने चालणारा रॅचेटचा (डोक्यावरून न काढता पुढेमागे हलवून फिरवता येणारा) रिंग पाना असा अडकला, तर शेजारचा भाग उतरवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून लांब बोल्ट थोडा सैल झाला की पॉवर टूल बाजूला ठेवून उरलेला बोल्ट आखूड पान्याने किंवा बोटांनी काढावा.

दुसरी चूक थेट हाताला इजा करणारी आहे. बॅटरीवर चालणारा रॅचेट बारीक फटीत छान शिरतो, म्हणून जाम बोल्टसाठी अनेकजण तोच निवडतात. मात्र अशा बहुतेक रॅचेटची ताकद साधारण ४० ते ८० न्यूटन-मीटर असते, आणि बोल्ट हलला नाही तर तेवढाच जोर उलट दिशेने मुठीवर येतो. मुठीच्या पलीकडे इंजिनची किंवा चासीची धार असेल, तर बोटे चेमटतात. इम्पॅक्ट रेंचमध्ये आतला हातोडा ऐरणीवर क्षणाक्षणाला ठोके देतो, त्यामुळे बोल्टवर मोठा जोर पडूनही मनगटावर फार थोडा झटका येतो. यातून कामाचा क्रम ठरतो : जाम बोल्टची पकड इम्पॅक्टने किंवा लांब दांड्याच्या हातपान्याने सोडवायची, आणि सैल झालेला बोल्ट झटपट बाहेर काढण्यासाठी रॅचेट वापरायचा. सरळ रेषेत जागा अगदीच कमी असेल, तर काटकोनी डोक्याचा इम्पॅक्ट रेंच शोधावा.

खोक्यावरच्या आकड्याबद्दलही सावध राहावे. पुष्कळ टूलवर घट्ट करण्याचा आणि सैल करण्याचा असे दोन टॉर्क (पिळाचे जोर) दिलेले असतात, आणि जाहिरातीत त्यांतला मोठा, म्हणजे सैल करण्याचा, ठळकपणे छापतात. त्यातच लांब, बारीक एक्सटेन्शन (टूल आणि गोटी यांच्यामधली जोडदांडी) आणि वर युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वळणारा सांधा) लावला की प्रत्येक ठोक्याची बरीच शक्ती त्या दांडीला पीळ देण्यातच खर्च होते. एक्सटेन्शन शक्य तितके आखूड व जाड असावे. गोटी इम्पॅक्टसाठी बनवलेली, काळी आणि सहा कोनी हवी. चकचकीत क्रोमची हातगोटी ठोक्यांनी तडकून तिचे तुकडे डोळ्यांत जाऊ शकतात, आणि बारा कोनी गोटी गंजलेल्या डोक्याचे कोपरे घासून टाकते.

ताकद जास्त असल्यानेही नुकसान होते, आणि याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही याची मला खरोखर काळजी वाटते. ८.८ या मजबुतीच्या ग्रेडचा एम ८ (८ मिलिमीटर जाडीचा) बोल्ट सामान्यतः २५ न्यूटन-मीटरच्या आसपास घट्ट केलेला असतो. त्यावर तीनशे न्यूटन-मीटरचा इम्पॅक्ट पूर्ण वेगाने चालवला, तर गंजाची पकड सुटण्याआधी बोल्टच तुटण्याचा धोका मोठा असतो. ॲल्युमिनियमच्या भागात बसलेल्या पोलादी बोल्टमध्ये खारट ओलाव्यामुळे दोन धातूंमधली क्षरणाची क्रिया चालते आणि आटे घट्ट धरले जातात, तिथे हा धोका आणखी वाढतो. त्यामुळे वेग सर्वांत कमी ठेवून थोडेथोडे ठोके द्यावेत, बोल्ट किंचित घट्ट करून पुन्हा सैल करावा, आणि मध्ये गंज सोडवणारे पातळ तेल आट्यांवर सोडून त्याला झिरपायला वेळ द्यावा, शक्य असल्यास रात्रभर.

तेलानेही काम झाले नाही, तर उष्णता द्यावी. नट असेल तर मुख्यतः नट तापवावा, कारण तो प्रसरण पावून बोल्टवरची पकड ढिली होते. पेट्रोलची नळी, ब्रेकचा होज किंवा रबरी बुश जवळ असताना मात्र ज्वाळा वापरणे ही गंभीर चूक आहे, आणि तिथे ज्वाळेविना धातू तापवणारे इंडक्शन कॉइलचे उपकरण बरे. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने धुतलेला भाग तापवला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो, म्हणून तापवायच्या जागी तो मुळीच वापरू नये. शिंपडलेले तेल ज्वलनशील असते, तेही आधी पुसून काढावे.

बोल्ट तुटलाच, तर घाईने त्यात एक्स्ट्रॅक्टर (तुटलेल्या बोल्टला भोक पाडून त्यात पिळायचे, तो बाहेर काढणारे हत्यार) पिळू नये. जिथे ड्रिल सरळ धरता येत नाही, तिथे भोक तिरके पडते आणि एक्स्ट्रॅक्टर आतच तुटतो. तो इतका कठीण असतो की साध्या ड्रिल बिटने त्याला भोक पाडता येत नाही. थोडा भाग बाहेर उरला असेल तर त्यावर नट वेल्ड करून घेणे बरे, कारण वेल्डिंगची उष्णताही पकड सोडवायला मदत करते. गाडीवर वेल्डिंग करताना मात्र बॅटरीचे कनेक्शन आधी काढावे. स्टार्टर किंवा अल्टरनेटरला हात लावण्यापूर्वीही हेच करावे, नाहीतर थेट बॅटरीला जोडलेल्या जाड वायरला पाना लागून शॉर्ट होतो.

नवा बोल्ट बसवताना पहिले आटे बोटांनीच लावावेत, कारण इम्पॅक्टने सुरुवात केली तर आटे तिरके कापले गेल्याचे हाताला कळत नाही. आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप) लावल्यास घर्षण कमी होते, म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क तसाच न वापरता उत्पादकाने त्या स्थितीसाठी सांगितलेला आकडा पाहावा आणि शेवटची घट्टी टॉर्क रेंचने (ठरलेला टॉर्क मोजून देणाऱ्या पान्याने) द्यावी.