या चुका टाळा: ठाणे-नवी मुंबईच्या महामार्गांवर वेग सांभाळताना

माजिवड्याहून निघून कळवा, विटावा, ऐरोली, तुर्भे करत कळंबोलीला मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर चढायचं म्हटलं, तर वाटेत चार-पाच वेगवेगळ्या स्वभावांचे रस्ते लागतात. विटाव्याला रेल्वेपुलाखालची अडचण, पुढे ठाणे-बेलापूर रस्त्यावर कंटेनर आणि एमआयडीसीच्या बस, मग सायन-पनवेलचे एकामागून एक उड्डाणपूल, आणि शेवटी सहापदरी मोकळा रस्ता. सरळ, मोकळ्या रस्त्यावर गाडी कुणीही चालवतो. चूक होते ती एक रस्ता संपून दुसरा सुरू होतो त्या दोन-तीनशे मीटरमध्ये, कारण रस्ता बदललेला असतो आणि पाय अजून आधीच्याच रस्त्यावर असतो. खालच्या बऱ्याचशा चुका त्याच जातीच्या आहेत.

‘एक्स्प्रेसवेवर १२० चालतं की!’

हा समज व्हॉट्सॲपवरून पसरलाय आणि अर्धाच खरा आहे. केंद्राच्या २०१८च्या अधिसूचनेत कारसाठी एक्स्प्रेसवेवर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि महापालिका हद्दीत ७० असे आकडे आहेत. दुचाकीला चौपदरीवर ८० आणि महापालिका हद्दीत ६०, रिक्षाला ५०. पण ही कमाल हद्द झाली. राज्य सरकार आणि पोलीस ती कमी करू शकतात आणि मग फलकावरचा आकडाच कायदा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर सपाटीला कारची मर्यादा १०० आहे, घाटात ६०. अटल सेतूवर कारला १००, पण चढ-उताराच्या रॅम्पवर ४०. दुचाकी आणि रिक्षाला या दोन्ही रस्त्यांवर मुळातच बंदी आहे, मग वेग किती कमी ठेवला तरी उपयोग नाही. आणि पाम बीच रात्री अकराला कितीही रिकामा दिसला तरी तो महापालिका हद्दीतलाच रस्ता आहे. तिथे १०० गाठणाऱ्यांना आपण महामार्गावर आहोत असं वाटत असतं, एवढंच.

कॅमेरा दिसला की ब्रेक आणि पुढे गेला की पुन्हा ॲक्सिलरेटर, ही युक्तीही आता जुनी झाली. एक्स्प्रेसवेवरच्या यंत्रणेत दोन कमानींमधलं अंतर आणि लागलेला वेळ यांवरून सरासरी वेग काढायची सोय आहे. शिवाय कॅमेऱ्याखाली अचानक ब्रेक मारणाऱ्याच्या मागे एखादा ट्रेलर असतो, त्याचा विचार कुणी करत नाही.

गाडीचा स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवतो, मोबाइलवरचा नकाशा मीटरपेक्षा कमी, म्हणजे खऱ्याच्या जवळचा दाखवतो. मीटर कमी दाखवणार नाही याची काळजी कंपन्या मुद्दाम घेतात. म्हणून काहीजण ‘मीटरवर ११० म्हणजे खरे १०४’ असा हिशेब करून वर सरकतात. टायरचा साइज बदललेल्या गाडीत तो हिशेब उलटा बसतो. काटा मर्यादेवर ठेवा, विषय संपला.

वेगाची सवय डोळ्यांना लागते

तासभर १०० ने गाडी चालवली की ६० म्हणजे रांगल्यासारखं वाटतं. पुण्याहून येताना कळंबोलीला उतरलेली गाडी कामोठे-खारघरच्या पट्ट्यात ८५-९० ने शिरते ती याचमुळे. चालकाला मनापासून वाटत असतं की आपण हळू केलंय. उपाय एकच: एक्स्प्रेसवे सोडल्यावर पहिले पाच-सात मिनिटं अंदाजावर जाऊ नका, काट्याकडे बघून चालवा.

अटल सेतूवरून उलव्याला किंवा चिर्ल्याला उतरतानाही तेच. १०० वरून ४० वर यायचं, तर सवारीला धक्का न बसता ब्रेक लावायला साधारण १६० मीटर लागतात. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे ४० मीटर त्यात धरा. म्हणजे रॅम्पच्या तोंडाशी ब्रेक दाबणारा वळणात ७०-८० नेच शिरणार. फलक दिसल्या दिसल्या, निदान ३०० मीटर आधी ॲक्सिलरेटर सोडा, पाहिजे तर इंडिकेटर द्या, आणि वळणाआधी ब्रेकचं काम संपवा. वळणात ब्रेक लावायची वेळ आली तर वेग आधीच चुकला.

वाशी, ऐरोली, आनंदनगरच्या टोलनाक्यांवर ऑक्टोबर २०२४पासून हलक्या वाहनांना टोल नाही. चांगलं झालं, पण त्यातून नवी चूक जन्माला आली. टोल नाही म्हणून कार बूथच्या चिंचोळ्या लेनमधून न थांबता सुसाट काढतात, आणि शेजारी टोल भरायला थांबलेल्या ट्रकच्या आडून एखादा कर्मचारी किंवा क्लीनर रस्ता ओलांडत असतो. बूथच्या पुढे दहा लेनच्या चार होतात तिथे सगळेच आपली लेन शोधत असतात. नाक्यातून ३० च्या आसपास जा, आणि लेन निवडायची ती नाक्याआधी.

अंतराचा हिशेब

८० ने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, १०० ने जाणारी जवळजवळ २८. समोरचं संकट दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसाचाही दीड सेकंद जातो. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर ६० ची गाडी एकूण ४५ मीटरमध्ये थांबते, ८० ची ७० मध्ये, १०० ची सुमारे ९७ मध्ये. आता दोन गाड्या शेजारी धरा, एक ६० ने, एक ८० ने, आणि दोघांना समोरचं संकट एकाच क्षणी दिसलं. ६० वाली जिथे थांबली तिथे ८० वाली अजून ६५ च्या वेगात असते. वीसचा फरक दिसतो तसा वीसचा राहत नाही.

आणि त्या बदल्यात मिळतं काय? वीस किलोमीटरला ८० ऐवजी १०० ने गेलात तर तीन मिनिटं. ती तुर्भ्याच्या पहिल्याच कोंडीत परत द्यावी लागतात.

पुढच्या गाडीशी अंतर ठेवताना मीटर मोजत बसू नका, सेकंद मोजा. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ म्हणा. तीन पुरे व्हायच्या आत तुम्ही खांबाशी पोचलात तर फार जवळ आहात. पावसात चार-पाच. त्या फटीत कुणी ना कुणी कट मारून घुसणारच, हे गृहीत धरा. घुसला तर पाय थोडा सैल करून फट पुन्हा तयार करा, हॉर्न वाजवून ती परत मिळत नाही.

‘हायवेला जायचंय, हवा थोडी कमी ठेव’

पंक्चरवाल्याकडे हे वाक्य रोज ऐकू येतं. तर्क असा की टायर तापला की हवा फुगते, मग टायर फुटतो, म्हणून आधीच तीन-चार पीएसआय काढून ठेवा. नेमकं उलट घडतं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि सुटते, त्या वाकण्यातून उष्णता तयार होते, आणि एप्रिल-मेच्या दुपारी सिमेंटच्या रस्त्यावर १०० च्या वेगाने ही उष्णता टायरच्या आतल्या थरांना सोडवते. टायर फुटायचं नेहमीचं कारण हे. तापल्यावर चार-पाच पीएसआय वाढतात, पण कंपनीने ती वाढ धरूनच आकडा दिलेला असतो.

तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. तिथे बहुतेक दोन आकडे दिसतील, दोन माणसांचा आणि भरलेल्या गाडीचा. पाच जण आणि डिकीत गणपतीचं सामान असेल तर दुसरा घ्या. हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त न चालवता तपासा. खालापूरला नाश्त्याला थांबून तापलेल्या टायरची हवा ‘जास्त आहे’ म्हणून काढली, तर थंड झाल्यावर ती कमी भरते. नायट्रोजन भरलंय म्हणून तपासायचं नाही, असंही नसतं. स्टेपनी विसरू नका, ती बहुधा वर्षभर कुणी पाहिलेली नसते.

टायरचं वयही बघा. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली असली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक होतं, भेगा पडतात. नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण पावसाळ्यात ३ च्या खाली गेलेला टायर महामार्गावर नेऊ नये.

चालता टायर फुटलाच तर ब्रेकवर उभं राहू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, गाडी सरळ ठेवा, ॲक्सिलरेटर हळू सोडा. वेग आपोआप उतरला की डावीकडे घ्या.

पावसातल्या दोन सवयी

पहिली म्हणजे मुसळधार लागली की चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर चालू करणं. भाताण आणि माडप बोगद्यांतही हे सर्रास दिसतं. चारही लुकलुकत असले की तुम्ही लेन बदलताय की थांबलाय, मागच्याला कळत नाही. त्यासाठी हेडलाइट डिपरवर लावा, म्हणजे मागचे दिवेही लागतात. हॅझर्ड हे बंद पडलेल्या किंवा थांबलेल्या गाडीसाठी. दुसरी, क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय) चालू ठेवणं. पाण्याच्या थरावर चाक तरंगलं की पायाला आणि हाताला जे लगेच जाणवायला हवं ते जाणवत नाही. स्टिअरिंग अचानक हलकं लागलं म्हणजे गाडी तरंगतेय. पाय सोडा, ब्रेक नको, चाकं सरळ.

ओल्या रस्त्यावर थांबायचं अंतर ८० ला ९५ मीटरच्या घरात जातं. तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर पुढे थोडं अंतर ब्रेक हलका दाबत न्या, म्हणजे पॅड सुकतात. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाच्या पट्ट्यात काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकच्या सांध्यावर उंचीचा फरक असतो. दुचाकीस्वाराने तो सांधा तिरपा ओलांडला की चाक घसरतं. शक्य तितका काटकोनात ओलांडा, नाहीतर लेन बदलूच नका.

घाट

गायमुखचा घाट छोटा आणि बोरघाट मोठा, नियम एकच: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरणारे अजून आहेत. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाचा इंधनपुरवठा थांबतो, म्हणजे न्यूट्रलमध्येच जास्त इंधन जातं. वर सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबून धरला की पॅड तापतात, ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. जळका वास ही पहिली सूचना. ब्रेक दाबून वेग उतरवा, सोडा, पुन्हा दाबा. ऑटोमॅटिकमध्ये एल किंवा मॅन्युअल मोड वापरा, तो त्याचसाठी दिलेला आहे. आणि उतारावर ट्रकच्या पुढ्यात अचानक येऊ नका, त्याचे ब्रेक कुठल्या अवस्थेत आहेत हे त्याच्या चालकालाही माहीत असेलच असं नाही.

एक्झिट चुकली, गाडी बंद पडली

तीन हात नाका, नितीन कंपनी, उरण फाटा, अशा ठिकाणी पुलावरून जायचं की खालून हे शेवटच्या पन्नास मीटरमध्ये ठरवणारे आडवे घुसतात. चुकलं तर चुकू द्या, पुढून वळा. शोल्डरवर रिव्हर्स घेणं हा वेडेपणा आहे.

गाडी बंद पडली तर शक्य तितकी डावीकडे, हॅझर्ड चालू, आणि माणसं डाव्या दाराने उतरून कठड्यापलीकडे. गाडीत बसून राहायचं नाही, मागेही उभं राहायचं नाही. रिफ्लेक्टरचा त्रिकोण एक्स्प्रेसवेवर निदान ५०, जमल्यास १०० मीटर मागे ठेवा. फांद्या आणि दगड लावलेच तर निघताना उचला. तसेच पडून राहिलेले दगड रात्री दुचाकीवाल्याच्या चाकाखाली येतात.

गाडी काही सांगत असेल तर

८०-१०० ला स्टिअरिंग थरथरतं आणि वेग उतरला की थांबतं: पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग. फक्त ब्रेक लावताना थरथरतं: डिस्क वाकडी झाली आहे. गाडी एका बाजूला ओढते: आधी हवा तपासा, मग अलाइनमेंट, आणि फक्त ब्रेकच्या वेळीच ओढत असेल तर कॅलिपर, म्हणजे डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग. जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली कडकड हलतं: घाबरू नका, ते एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, काम करतंय. पाय उचलायचा नाही, दाबून धरायचा. पेडल स्पंजासारखं खाली जातंय: ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललेलं नसेल तर त्यात पाणी शिरलेलं असू शकतं.

चलान आलं

अतिवेगाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली हलक्या वाहनाला १,००० ते २,००० आणि मध्यम-जड वाहनांना २,००० ते ४,००० रुपये दंडाची तरतूद आहे. चलान आलं की आधी फोटो उघडून नंबर, जागा, वेळ आणि नोंदवलेला वेग बघा. नंबर दुसऱ्याच गाडीचा निघाला तर महाट्रॅफिक ॲपवर तक्रार करता येते, तिथे आरसीचा आणि स्वतःच्या गाडीचा फोटो जोडा. गाडी विकून नाव बदललं नसेल तर नव्या मालकाची चलानंही तुमच्याच नावावर येत राहतात. मोबाइल नंबर परिवहनच्या नोंदीत जुना असेल तर चलान झाल्याचं कळतच नाही. आणि चलानाच्या मेसेजमध्ये एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल) डाउनलोड करायला सांगत असतील तर तो मेसेज फसवणुकीचा आहे. लिंक न उघडता डिलीट करा आणि चलान सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे चार आकडे टाकून स्वतः शोधा.