कन्नड पहाणी एआयकडून वाचून घेताना

सीमाभागात जमिनीचा उतारा, म्हणजे पहाणी, कन्नडमध्ये मिळतो आणि तो वाचणारं माणूस घरात असतंच असं नाही. मग फोटो काढून मोबाइलवरच्या एआयला अर्थ विचारला जातो. तसं करायला हरकत नाही, पण टप्प्याटप्प्यानं करा. एआयचं चुकीचं उत्तरही बरोबर उत्तराइतकंच ठाम असतं.

आधी कागद नीट द्या. घडी सपाट करून, भरपूर उजेडात, एका वेळी दोन-तीन रकान्यांचाच फोटो घ्या. कन्नडमधले ३, ६ आणि ९ दिसायला जवळचे आहेत. छपाई पुसट असेल तर सर्व्हे नंबरच बदलतो. १९५६ पर्यंत बेळगावचा भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुने फेरफार मराठीत, कधी मोडीत सापडतात. मोडीचा कागद मोडी वाचकाकडेच न्या.

थेट अर्थ विचारू नका. असं लिहा: ‘आधी कन्नड मजकूर जसाच्या तसा देवनागरीत उतरव. वाचता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह घाल. मग रकान्यावार मराठी अर्थ दे.’ असं केलं की चूक वाचण्यात झाली की अर्थ लावण्यात, हे कळतं. ९व्या रकान्यात मालकाचं नाव, १०व्यात जमीन कशी आली ते, ११व्यात इतर हक्क आणि बोजा, म्हणजे जमिनीवरचं कर्ज वगैरे. नावातल्या ‘कोम’चा अर्थ अमक्याची पत्नी, एआय तो शब्द नावातच मिसळू शकतो.

सर्वांत जास्त जपायचं ते क्षेत्राला. पहाणीतलं २-२० म्हणजे २ एकर २० गुंठे, अर्थात अडीच एकर. एआय ते २.२० असं दशांशात धरू शकतो. २-२० आणि १-३० या दोन तुकड्यांची बेरीज मग ३.५० एकर होते. खरी बेरीज ४ एकर १० गुंठे, कारण ४० गुंठ्यांचा एक एकर. फरक ३० गुंठ्यांचा, आणि तोही भावाभावांच्या वाटणीच्या कागदावर! ही बेरीज हातानंच करा. हेक्टर हवे असतील तर एकराला २.४७ नं भागा.

प्रक्रिया विचारताना वेगळा घोटाळा होतो. जमिनीबद्दलचं मराठी लिखाण बहुतेक महाराष्ट्रातलं, आणि एआय लिखाणावरूनच शिकतो. ‘वारस नोंद कशी करायची’ एवढंच विचारलंत तर तो सात-बारा, महाभूलेख संकेतस्थळ आणि १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता सांगेल. इथे लागू आहे तो कर्नाटकाचा १९६४ चा भू-महसूल कायदा. म्हणून प्रश्नातच लिहा: ‘जमीन कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात आहे.’ तरीही उत्तरात सात-बारा डोकावला, तर ते उत्तर सोडून द्या. फी आणि मुदती नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातच विचारा. त्या बदलतात आणि एआयकडची माहिती जुनी असू शकते.

‘नक्की का?’ असं विचारणं म्हणजे पडताळणी नव्हे. बरोबर उत्तर दिलेलं असतानाही एआय माफी मागून ते बदलू शकतो. त्याऐवजी नव्या संभाषणात तोच फोटो द्या. दोन उत्तरांत जिथे फरक पडेल तिथे मूळ कागदावर पेन्सिलीनं खूण करा आणि त्या जागा कन्नड वाचणाऱ्याकडून तपासून घ्या. दोन्ही उत्तरं जुळली तरी नाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि बोजा या चार गोष्टी माणसाकडूनच वाचून घ्या.