शरदातील सुटी: नाशिककर कुटुंबासाठी सहलीची आखणी

आश्विन लागला की नाशिकमध्ये घरोघरी सहलीचे बोलणे निघते. दिवाळीच्या सुटीत बाहेरगावी कुठे जायचे आणि तिच्या मागेपुढे येणाऱ्या शनिवार-रविवारी जवळपास काय पाहायचे, हे ठरवताना बहुतेक घरांत अंतर आणि ठिकाणांची संख्या यांचाच विचार आधी होतो. माझ्या मते आधी विचार करावा तो दुपारचा. परतीचा पाऊस थांबला की पहाटे गारवा आणि अकरानंतर अंगाला चटका देणारे ऊन असा दिवस सुरू होतो, आणि त्या उन्हात सर्वांत लवकर थकतात ती घरातील लहान मुले आणि आजी-आजोबा. म्हणून सकाळी एकच मोठे ठिकाण, दुपारी सावलीत जेवण व विश्रांती आणि संध्याकाळी थोडे चालणे, अशी दिवसाची मांडणी ठेवावी. थंडी स्थिरावेपर्यंत तरी ही मांडणी मोडू नये.

शहरातच थांबायचे असेल, तर एक सकाळ पांडवलेण्यांना द्यावी. ही २४ बौद्ध लेणी मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरावर असून तिथे पायऱ्यांनी चढून जावे लागते. सकाळी लवकर निघाल्यास ज्येष्ठांनाही थांबत थांबत चढता येते. मुलांना सगळी लेणी दाखवण्याचा अट्टहास करू नये. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपला पुत्र, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याचा गौरव करणारा लेख कोरवला आहे, तर दहाव्या लेण्यात सातकर्णीने ज्याचा पराभव केला त्या क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचे, उषवदाताचे लेख आहेत. ही दोन लेणी लागोपाठ दाखवून एवढी गोष्ट सांगितली, की इयत्ता पाचवी-सहावीतील मूल भिंतीवरची अक्षरे आपणहून शोधू लागते. संध्याकाळ पंचवटीत काढावी: रामकुंड, सीतागुंफा आणि काळाराम मंदिर ही ठिकाणे पायी फिरण्याच्या अंतरात आहेत. काळाराम मंदिराच्या दारी १९३० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह झाला होता, हे मुलांना तिथेच उभे राहून सांगावे. येत्या सिंहस्थाची कामे गोदाकाठी चालू असल्याने गाडी दूर लावून चालत जाण्याची तयारी ठेवावी.

बाहेरगावचे पाहुणे दिवाळीत येतात तेव्हा द्राक्षबागेत नेण्याचा आग्रह हमखास धरतात. त्यांना आधीच सांगून ठेवावे, की जिल्ह्यातील बहुतेक बागांची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास होते. दिवाळीत वेलींवर कोवळी फूट दिसते आणि द्राक्षांचा मुख्य हंगाम जानेवारी ते मार्च असतो. घड पाहायचे असतील तर पाहुण्यांना तेव्हाचेच निमंत्रण द्यावे.

त्र्यंबकेश्वर सुमारे ३० किलोमीटरवर असल्यामुळे अर्ध्या दिवसात होईल असे वाटते. पण सुटीत दर्शनाची रांगच कित्येक तास घेते. सोमवार आणि पौर्णिमा टाळून पहाटे निघावे, आणि दर्शनानंतर ब्रह्मगिरीवर चढायचे की कुशावर्त कुंड पाहून परतायचे, हे आदल्या रात्रीच ठरवावे, कारण ब्रह्मगिरी हा पूर्ण सकाळचा कार्यक्रम आहे. वणीच्या सप्तशृंगी गडावर नवरात्रात आणि कोजागिरीला लाखो भाविक लोटतात. लहान मूल किंवा गुडघे दुखणारी आजी बरोबर असेल, तर हे दिवस टाळून कार्तिकातील एखादा मधला वार निवडावा. पायऱ्या झेपत नसतील त्यांच्यासाठी डोंगरउतारावर रुळांवरून वर नेणाऱ्या फ्युनिक्युलर ट्रॉलीची सोय आहे.

नांदूर मधमेश्वरबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण अनेक कुटुंबे तिथे चुकीच्या वेळी जातात आणि पक्षीच नव्हते असे सांगत परततात. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळील बंधाऱ्यामुळे हे पाणथळ क्षेत्र तयार झाले असून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळवणारे ते महाराष्ट्रातील पहिले ठिकाण आहे. पावसाळा संपताना जलाशय भरलेला असतो. पुढे पाणी ओसरून चिखलाचे काठ उघडे पडू लागतात, तसे उथळ पाण्यात चरणारे पक्षी वाढतात, आणि उत्तरेकडून येणारी बदकेही याच सुमारास उतरू लागतात. दिवाळी ऑक्टोबरमध्ये असेल तर ही सहल नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत पुढे ढकलावी. सूर्योदयाला चापडगावच्या बाजूला पोचावे, मुलांना भडक रंगाचे कपडे घालू नयेत आणि दुर्बीण न्यावी. चित्रबलाक, चमचा, शराटी, जांभळी पाणकोंबडी, वारकरी आणि हळदी-कुंकू बदक एवढी नावे घरून पाठ करून निघालेली मुले निरीक्षण मनोऱ्यावर तासभर शांत बसतात. ऊन तापू लागले की परत फिरावे. त्यानंतर फारसे काही दिसत नाही.

दोन मुक्कामांच्या प्रवासासाठी मी वेरूळ सुचवेन. निफाड, येवला, वैजापूर या मार्गाने वेरूळ छत्रपती संभाजीनगरच्या आधीच लागते, त्यामुळे शहराच्या गर्दीत न शिरता तिथेच मुक्काम करता येतो. वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात. सुटीत वाराचे भान राहत नाही, म्हणून हे आधी पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे निवांत पाहावे, दुपारी खोलीवर परतावे आणि संध्याकाळी घृष्णेश्वराचे दर्शन घ्यावे. अजिंठा याच फेरीत बसवू नये: तो संभाजीनगरपासून सुमारे १०० किलोमीटर पुढे आहे आणि त्या धावपळीत दोन्ही लेण्यांचा आनंद जातो.

रेल्वेने जाणार असाल, तर आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते आणि दिवाळीच्या गाड्या पहिल्याच दिवशी भरतात. म्हणजे निर्णय गणपतीच्या सुमारासच व्हायला हवा. एसटीने जाताना महिलांना निम्मे भाडे पडते, ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांनाही तीच सवलत असते आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना भाडे पडत नाही. त्यासाठी प्रत्येकाचे ओळखपत्र वरच्या कप्प्यात ठेवावे. फराळातील चिवडा, शंकरपाळी आणि दशम्या सोबत घ्याव्यात. भाऊबीजेनंतरच्या रविवारी संध्याकाळी महामार्ग तुंबलेला असतो, म्हणून परतीचा प्रवास त्या दिवशी सकाळीच उरकावा, किंवा शक्य असल्यास सोमवारवर न्यावा.