महाकाय विषाणूंच्या शोधात या चुका टाळा

इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे १९९२ साली न्यूमोनियाच्या साथीचा माग काढताना एका कूलिंग टॉवरच्या पाण्यातील अमीबांमध्ये एक गोलसर सूक्ष्मजीव आढळला. ग्रॅम रंजनात (जिवाणू रंगवून ओळखण्याच्या पद्धतीत) तो जिवाणूसारखा रंगला आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसलाही, म्हणून त्याचे 'ब्रॅडफर्डकॉकस' असे नामकरण झाले. जिवाणू ओळखण्याचे हुकमी साधन असलेले १६एस आरएनएचे जनुक मात्र त्याच्यात काही केल्या सापडेना. तो विषाणू आहे हे जाहीर होईपर्यंत २००३ साल उजाडले; तोच आजचा मिमिव्हायरस. अकरा वर्षांच्या या घोळात कोणी हलगर्जी केली असे दिसत नाही. विषाणू एवढा मोठा असू शकत नाही, हे सर्वांनी गृहीत धरले होते, आणि तळ्याच्या किंवा सांडपाण्याच्या नमुन्यातून महाकाय विषाणू वेगळे करू पाहणारे विद्यार्थी आजही ज्या चुका करतात, त्यांतील बऱ्याच याच गृहीतकाच्या पोटी जन्मतात.

गाळणीचेच पाहा. पाणी ०.२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळायचे, वर राहतील ते जिवाणू आणि खाली उतरतील ते विषाणू, हा धडा हाताला इतका सवयीचा झालेला असतो की मिमिव्हायरस फिल्टरवरच अडकून कचऱ्यात जातो आणि नमुना 'नकारात्मक' म्हणून नोंदवला जातो. मिमिव्हायरसचे प्रथिनकवच सुमारे ०.५ मायक्रोमीटरचे असते आणि भोवतालचे तंतू धरले तर हा आकार ०.७५ मायक्रोमीटरपर्यंत जातो. पँडोराव्हायरस सुमारे एक, तर सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून २०१४ साली मिळालेला पिथोव्हायरस दीड मायक्रोमीटर लांबीचा आहे. त्यामुळे गाळणी केवळ गाळ आणि मोठे कण काढण्यापुरती, म्हणजे मोठ्या छिद्रांची वापरावी, आणि जिवाणू व बुरशी यांचा बंदोबस्त प्रतिजैविके आणि बुरशीनाशके यांवर सोपवावा. आकारावरून जीनोमचा, म्हणजे संपूर्ण जनुकीय साठ्याचा, अंदाज बांधणेही तितकेच फसवे आहे. पिथोव्हायरस कणाने मोठा असला तरी त्याचा जीनोम सुमारे ६ लाख १० हजार बेसजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) आहे. त्याहून लहान कणाच्या मिमिव्हायरसचा जीनोम जवळपास १२ लाखांचा आहे.

यजमानाच्या, म्हणजे विषाणू ज्याच्यात वाढतो त्या सजीवाच्या, बाबतीत होणाऱ्या चुका अधिक खोल आहेत. बहुतेक प्रयोगशाळांत अकँथअमीबा ठेवलेला असतो, कारण तो पेप्टोन, यीस्ट अर्क आणि ग्लुकोजच्या माध्यमात विनासायास वाढतो. पण केवळ त्याच्यावर नमुना वाढवला, तर त्याला बाधणारे विषाणू तेवढेच हाती लागतात. व्हर्मअमीबा हा वेगळा अमीबा वापरल्यावर फॉस्टोव्हायरस ही निराळीच वंशावळ समोर आली. म्हणून 'या तळ्यात महाकाय विषाणू नाहीत' असे लिहिण्याऐवजी 'या अमीबावर एकही वाढला नाही' एवढेच लिहावे. यजमानाची ओळखही गृहीत धरू नये. टेक्सासच्या किनाऱ्याजवळील समुद्रजलातून मिळालेल्या एका विषाणूचा यजमान १९९५ साली बोडो हा कशाभधारी (शेपटीसारख्या तंतूने पोहणारा) सूक्ष्मजीव असल्याचे नोंदवले गेले होते. तो यजमान वस्तुतः कॅफेटेरिया रोएनबर्गेन्सिस हा दुसराच कशाभधारी असल्याचे नंतर स्पष्ट झाले. यजमानाच्या १८एस जनुकाची (अमीबासारख्या केंद्रकधारी सजीवांची ओळख पटवणाऱ्या जनुकाची) तपासणी हे काम फारसे खर्चिक नाही, ते सुरुवातीलाच उरकावे.

अमीबा गोल झाले, तळ सोडून तरंगू लागले, की संसर्ग झाला असे समजण्याची घाई नको. अन्न संपले तरी अमीबा गोल होऊन कोष्ठात, म्हणजे कवचबंद सुप्तावस्थेत, जातात, आणि लिजिओनेलासारखे जिवाणू त्यांना विषाणूइतक्याच सफाईने फोडतात. त्याच फ्लास्कमधील, त्याच दिवशी लावलेला, नमुना न घातलेला अमीबा शेजारी नसेल, तर त्या निरीक्षणाला काही किंमत नाही असे माझे मत आहे.

भरघोस यशाकडेही संशयाने पाहावे. आयआयटी मुंबईच्या गटाने २०१९ साली तपासलेल्या वीसच्या वीस पर्यावरणीय नमुन्यांतून महाकाय विषाणू मिळवले. निष्कर्ष पटतो याचे एक कारण म्हणजे त्यांतील चार विषाणूंच्या जीनोमची तपासणी झाली आणि मिमिव्हायरस बॉम्बे, पवई लेक मेगाव्हायरस, बांद्रा मेगाव्हायरस आणि कुर्लाव्हायरस हे एकाच कुळातले निघाले नाहीत. ज्या प्रयोगशाळेत प्रत्येक तळ्यातून एकच विषाणू, आणि तोही शीतकपाटातल्या जुन्या साठ्याशी तंतोतंत जुळणारा निघतो, तिथे दूषणाची शंका घेऊन आधी पिपेट आणि हूड (निर्जंतुक हवेची कामाची पेटी) तपासावेत.

विषाणू हाती लागल्यावर तो पिढ्यानुपिढ्या त्याच अमीबात वाढवत राहणे ही आणखी एक चूक होय. मिमिव्हायरस स्पर्धक सूक्ष्मजीवांविना १५० वेळा वाढवला, तेव्हा त्याचा जीनोम १२ लाखांवरून १० लाखांच्या खाली आला आणि त्याचे तंतूही नाहीसे झाले, असे २०११ साली दिसून आले. मूळ साठा गोठवून ठेवावा आणि प्रयोगासाठी सुरुवातीच्या पिढ्याच वापराव्यात. उत्पादन अचानक घटले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वेडीवाकडी कवचे दिसू लागली, तर विषाणूवर पोसणारा विषाणू, म्हणजे व्हायरोफेज, शोधावा. २००८ साली वर्णन झालेला स्पुटनिक हा अवघ्या १८ हजार बेसजोड्यांचा व्हायरोफेज आपल्या महाकाय सोबत्याचे असेच नुकसान करतो.

संगणकावर केलेल्या शोधात वेगळे सापळे असतात. मेटाजीनोममधील (नमुन्यातील सर्व जीवांच्या एकत्र वाचलेल्या डीएनएमधील) एखादा तुकडा डीएनए पॉलिमरेझसारख्या एकाच जनुकावरून महाकाय विषाणूचा ठरवू नये. प्रमुख कवचप्रथिनासह खुणेची इतर जनुकेही त्यावर असावीत. असली, तरी तो मुक्त विषाणूच असेल असे नाही, कारण हिरव्या शैवालांच्या जीनोममध्ये अख्खे विषाणुजीनोम सामावलेले असल्याचे २०२० साली उघड झाले आहे. तुकड्याच्या दोन्ही टोकांना शैवालाची जनुके आहेत का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ओळख न पटलेला नमुना मात्र टाकून देऊ नये. जर्मनीत नेत्रदाह झालेल्या एका रुग्णाच्या कॉन्टॅक्ट लेन्सच्या डबीतील अमीबात २००८ साली एक अनोळखी अंतर्जीवी (पेशीच्या आत राहणारा घटक) आढळला होता. २०१३ साली पँडोराव्हायरसची छायाचित्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा तो त्याच गोतावळ्यातला असल्याचे ध्यानात आले, आणि नमुना जपलेला असल्यामुळेच २०१५ साली त्याच्या जीनोमचे वाचन होऊ शकले.